वाचकांचे प्रश्न : इंजिन जमिनीवरच अडतं तेव्हा

प्रश्न : मे महिन्यात पंख्याच्या विमानाने प्रवास करत होतो. दारं लागली, एका बाजूचा पंखा सुरू झाला. दुसरा थोडा फिरून थांबला. पुढचा प्रयत्न वीस मिनिटांनी झाला आणि तेव्हा इंजिन लागलं. बंद पडलेलं इंजिन घेऊन उडणं योग्य होतं का? आणि ती वीस मिनिटं कशासाठी?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ते बंद पडलेलं नव्हतं, सुरूच झालेलं नव्हतं. हा फरक मोठा आहे.

पंख्याच्या या विमानांत टर्बोप्रॉप इंजिन असतं. स्टार्टर आधी आतला कॉम्प्रेसर, म्हणजे हवा ओढून दाबणारा भाग, फिरवतो. एटीआर ७२ या पंख्याच्या प्रवासी विमानात तो १० टक्के वेगावर आला की वैमानिक इंधन सोडतो. त्यानंतर १० सेकंदांच्या आत आग धरली पाहिजे, म्हणजे टर्बाइनच्या (तापलेल्या वायूने फिरणाऱ्या पात्यांच्या चक्राच्या) तापमानाचा काटा हलला पाहिजे. ४५ टक्क्यांना स्टार्टर सुटतो आणि पुढे इंजिन स्वतःच्या जोरावर चढतं.

यात तीन तऱ्हांनी बिघडतं. आगच धरत नाही : इग्नायटर (ठिणगी देणारा भाग) किंवा इंधनपुरवठ्याचा दोष. आग धरते पण वेग मध्येच अडकून राहतो. तिसरी तऱ्हा सगळ्यांत महागाची : वेग हळूहळू चढतो आणि तापमान मात्र भराभर वर जातं.

तिसरीचं कारण हवेत आहे. इंजिनात शिरलेल्या हवेचा थोडाच भाग जळणाला लागतो, बाकीची हवा धातूला सांभाळते. बॅटरी उतरलेली असली की कॉम्प्रेसर संथ फिरतो. हवा कमी, इंधन आहे तेवढंच, उष्णता जास्त. शेपटीकडून वारा असेल तर तो धुराड्यातून उलटा रेटतो. विमान नुकतंच उतरलं असेल तर आतला धातू आधीच तापलेला असतो. त्यात आपला उन्हाळा. सोलापूर विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ४८० मीटरवर आहे. ४२ अंशांच्या दुपारी तिथली हवा ५,२०० फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते, म्हणजे जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावरची! म्हणूनच उन्हाळ्यात बॅटरीवर सगळा भार न टाकता जमिनीवरच्या वीजगाडीची जोड घेणं आम्हाला शहाणपणाचं वाटतं.

आता तुमची वीस मिनिटं. आग न धरलेल्या इंजिनात इंधन साठून राहतं. लगेच पुन्हा ठिणगी दिली तर तेच पेटून मागून ज्वाळांचा लोट निघतो. म्हणून आधी ते निथळू देतात, मग इंधन आणि ठिणगी दोन्ही बंद ठेवून स्टार्टरने इंजिन कोरडं फिरवतात. स्टार्टरलाही निवायला वेळ लागतो. तोवर अभियंता तापमान कुठवर गेलं होतं ते बघतो. मर्यादा ओलांडली असेल तर ठरलेली तपासणी झाल्याशिवाय ते विमान उडत नाही. बारीक कॅमेरा आत घालून टर्बाइनची पाती पाहावी लागतात. मर्यादेत असेल, कारण सापडून दूर झालं असेल आणि पुढचा प्रयत्न सगळ्या काट्यांवर नीट उतरला असेल, तर उडणं योग्यच. थांबलेल्या वैमानिकाने तुमचं कामच केलं.

प्रश्न : मी विमान चालवायला शिकते आहे. आमचं सेसना १७२ एस हे लहान विमान सकाळी पहिल्या झटक्यात लागतं. दुपारी लांबच्या सरावात कुठे उतरून वीसेक मिनिटांनी निघायला जावं, तर इंजिन नुसतं फिरत राहतं. मी सकाळसारखंच प्रायमिंग करते, म्हणजे सुरू करण्याआधी थोडं पेट्रोल आत सोडते. चूक कुठे?
– विद्यार्थिनी वैमानिक, होटगी रोड

उत्तर : चूक प्रायमिंगमध्येच आहे. या इंजिनात इंधनाच्या बारीक नळ्या सिलिंडरच्या डोक्यावरून जातात. इंजिन थांबलं की काउलिंगमधून (इंजिनावरच्या आवरणातून) वाहणारा वाराही थांबतो आणि सिलिंडरची धग वर चढते. नळ्यांतलं पेट्रोल उकळून वाफ होतं, काही आत झिरपतं. त्यावर तुम्ही आणखी पेट्रोल सोडता, म्हणजे इंजिन बुडवता.

तापलेल्या इंजिनाला प्रायमिंग नको. थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा दट्ट्या) पाव इंच उघडा, मिक्श्चर (हवेत इंधन किती ते ठरवणारा दट्ट्या) पूर्ण मागे, म्हणजे इंधन बंद, आणि स्टार्टर. इंजिनाने पकड घेतली की मिक्श्चर सलग पुढे न्या. धसकन ढकलू नका, रेंगाळूही नका. पेट्रोलचा वास येतोय, म्हणजे इंजिन बुडालंय अशी शंका असेल तर मिक्श्चर मागेच ठेवून थ्रॉटल अर्ध्यापासून पूर्णपर्यंत उघडा आणि फिरवा. इथे हात तयार हवेत : पकड घेताक्षणी मिक्श्चर पुढे, थ्रॉटल मागे. ब्रेक आधीच घट्ट दाबलेले असू द्या.

स्टार्टरचं गणित पाठच करा. १० सेकंद फिरवा, २० सेकंद थांबा; असं एकूण तीनदा. मग १० मिनिटं हात लावू नका. चौथ्यांदा ‘आता लागेलच’ म्हणून चावी धरून ठेवणारे स्टार्टर जाळतात. इंजिन लागल्यावर ३० सेकंदांत तेलाचा दाब दिसला नाही तर लगेच बंद करा.

जादा पेट्रोलमुळे खाली ज्वाळा दिसल्या, तर मनात पहिली ऊर्मी चावी सोडायची येते. सोडू नका. फिरवतच राहा, म्हणजे आग आत ओढली जाते. इंजिन लागलंच नाही तर इंधन तोडून बाहेर पडायचं, हे पुस्तकातल्या क्रमाने आधीच घोकून ठेवा.

विमान उभं करतानाच नाक वाऱ्याकडे ठेवा आणि काउलिंगवरचं तेल तपासायचं छोटं दार उघडून ठेवा, धग निघून जाते. निघताना ते बंद केल्याची खात्री हाताने करा.

प्रश्न : गोव्याच्या विमानात चढताना उजव्या इंजिनाचा आवाज येत होता, पण पंखा स्थिर. बिघाड होता का?
– एक वाचक, सात रस्ता

उत्तर : नाही. सोलापूर–गोवा सेवा जून २०२५ मध्ये एटीआर विमानाने सुरू झाली. त्या विमानाच्या उजव्या पंख्याला ब्रेक असतो. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवून एकच चालू केला तर त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरतो. दुसऱ्याला हाताने धरलं तरी पहिला चालूच राहतो. इंजिनाचा मुख्य भाग आणि पंखा फिरवणारं टर्बाइन यांचं नातं तसंच आहे, मध्ये दांडा जोडलेला नाही. त्यामुळे पंखा रोखूनही आतला गारवा आणि वीज मिळते. प्रवासी डावीकडून चढतात म्हणून हा ब्रेक उजवीकडे.

प्रश्न : लहान विमानाची बॅटरी उतरली तर हाताने पंखा फिरवून सुरू करता येतं का?
– एक वाचक, अक्कलकोट

उत्तर : जुन्या विमानांत तसं करतात, पण रीतसर शिकलेल्या माणसानेच, आणि आत ब्रेक धरून जाणकार बसलेला असताना. ठिणगीसाठी स्वतःच वीज तयार करणाऱ्या मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही. त्याची बंद करण्याची तार तुटलेली असेल तर चावी खिशात असूनही पंखा किंचित ढकलताच इंजिन पकड घेऊ शकतं. उभ्या विमानाच्या पंख्याला टेकून फोटो काढणाऱ्यांनाही हे सांगा.