उशाशी ठेवायचा स्पीकर

प्रश्न : माझे वडील ८१ वर्षांचे आहेत. त्यांच्याकडे तळहातात मावणारा जुना म्युझिक प्लेअर आहे आणि त्यात त्यांनी स्वतः निवडून भरलेली सहाशेएक गाणी आहेत. हल्ली इअरफोन कानाला टोचतो म्हणून ते घालत नाहीत. उशाशी ठेवता येईल असा चार्जिंगचा छोटा स्पीकर घ्यावा म्हणते. प्लेअरला ब्लूटूथ नाही. कुणी सांगतं जास्त वॅटचा घ्या, कुणी सांगतं वॉटरप्रूफ घ्या. भाऊ म्हणतो, तो प्लेअर टाकून द्या आणि मोबाइलवर ऐकू द्या. नेमकं काय बघून घेऊ?
— एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, प्लेअर टाकू देऊ नका. त्याची बटणं वडिलांच्या बोटांना पाठ झालेली आहेत, अंधारातही ती सापडतात. मोबाइलच्या गुळगुळीत काचेवर त्यांनी काय चाचपायचं? प्लेअर आहे तोच राहू दे आणि त्याला जुळणारा स्पीकर शोधा.

मी तीस वर्षं रेडिओ, टेप आणि अॅम्प्लिफायर दुरुस्त केले. तरी उशाशी ठेवायच्या स्पीकरमध्ये काय बघायचं हे मला कळलं ते आईच्या खोलीत. शेवटचं वर्षभर ती अंथरुणाला खिळून होती. मी तिच्यासाठी एक देखणा स्पीकर आणला, दुकानात मोठ्याने लावून, खूश होऊन. रात्री तिला गाणं अगदी हळू लागायचं, शेजारच्याची झोप मोडू नये इतकं. पंधरा-वीस मिनिटं झाली की गाणं मध्येच बंद. आई विचारायची, “संपलं का रे?” मी उठून बटण दाबायचो, पुन्हा पंधरा मिनिटांनी तेच. बॅटरी बदलून पाहिली, केबल बदलली. मग लक्षात आलं की बिघाड काहीच नव्हता. बॅटरी वाचावी म्हणून पुष्कळ स्पीकर गाणं येत नाही असं वाटलं की आपोआप बंद होतात. केबलमधून येणारा आवाज फारच हळू असला तर त्या स्पीकरच्या लेखी तो नसल्यातच जमा.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे की, वडील ज्या आवाजात ऐकणार आहेत त्याच आवाजात अर्धा तास लावून बघा. त्यांचाच प्लेअर सोबत न्या. दुकानात अर्धा तास मिळत नसेल, तर परत घेण्याची मुदत विचारूनच आणा आणि पहिल्याच रात्री ही परीक्षा घ्या. आवाज प्लेअरवर बऱ्यापैकी वर, साधारण तीन चतुर्थांशावर ठेवायचा आणि कमी करायचा तो स्पीकरवर. मग केबलमधून जाणारा आवाज दणकट राहतो, मध्येच बंद पडण्याची शक्यता कमी होते आणि मागची सूं अशी खरखरही दबते. आईच्या बाबतीत हे एवढंच करायचं होतं. मला ते सुचायला तीन आठवडे लागले, याची खंत अजून आहे.

आता जोडणीचं. तुम्हाला ३.५ मिलिमीटरचं ऑक्स सॉकेट, म्हणजे इअरफोनसारखी पिन बसणारं भोक, असलेला स्पीकर हवा. नव्या स्पीकरांतून ते भराभर गायब होतंय, त्यामुळे खोक्यावरच्या चित्रावर विसंबू नका, स्पीकर उलटा करून भोक डोळ्यांनी बघा. पिन घातल्याबरोबर तो आपणहून केबलवर येतो की दर वेळी ब्लूटूथवर सुरू होऊन एखादं बटण दाबायला लावतो, हेही तिथेच तपासा. वडिलांना रोज ती कसरत नको. केबल हातभर लांब पुरे आणि प्लेअरच्या बाजूची पिन काटकोनात वळलेली घ्या. सरळ पिन पांघरुणात अडकून ओढली जाते आणि प्लेअरच्या आतल्या सॉकेटचं सोल्डरिंग सुटतं. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या कितीतरी प्लेअरांचं दुखणं हेच असायचं. प्लेअरला लावायचा छोटा ब्लूटूथ ट्रान्समीटर मिळतो, पण त्यालाही चार्जिंग लागतं. तीन वस्तूंची बॅटरी कोण सांभाळणार?

वॅटच्या मागे लागू नका. पाचाचे दहा वॅट झाले तरी वाढ फक्त ३ डेसिबलची, म्हणजे लक्ष दिलं तर जाणवेल इतकीच. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. उशाशी, हातभर अंतरावर, तीन वॅटचा नीट बनवलेला स्पीकरही भरपूर झाला.

वडिलांचं वय बघता मला वॅटपेक्षा शब्दांची काळजी वाटते. उतारवयात कान आधी वरच्या पट्टीतले बारीक आवाज सोडतो, आणि स, श, फ यांसारखी व्यंजनं नेमकी त्याच भागात असतात. बेसवर भर दिलेला स्पीकर दुकानात भारदस्त वाटतो, पण त्यातून म्हाताऱ्या माणसाला सूर ऐकू येतात आणि शब्द मात्र गिळल्यासारखे होतात. बेस वाढवायचं बटण असेल तर ते बंद करूनच ऐका. उलट बाजूही सांगतो. हळू आवाजात आपला कान खर्ज कमी ऐकतो. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९३३ साली हे मोजून मांडलं. त्यामुळे अगदी मुठीएवढा स्पीकर हळू लावला की गाणं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं वाटतं. थोडा मोठा, वजनदार घ्या आणि भिंतीला टेकवून ठेवा, खर्ज आपोआप भरतो. निवड करताना वडिलांच्या पाठातलं एक गाणं लावा आणि त्यांना डोळे मिटून शब्द म्हणायला सांगा. ज्या स्पीकरवर ते अडखळत नाहीत तो घ्या.

बटणं उठावाची हवीत, बोटाला लागणारी. सुरू होताना मोठ्याने बोलणारे स्पीकर असतात आणि काहींचं ते बोलणं बंदही करता येत नाही. मध्यरात्री माणूस दचकतो, असला आणू नका. पाण्याचं म्हणाल, तर पेल्यातलं पाणी उडालं तर चालावं इतपत पुरे, त्याला आयपीएक्स४ चालेल. हा पाण्यापासूनच्या बचावाचा दर्जा. आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, तेवढं उशाशी लागत नाही.

प्रश्न : चार्जिंगला लावून गाणी ऐकली की माझ्या स्पीकरमधून घुं असा आवाज येतो. तो बिघडलाय का? आणि रात्रभर चार्जिंगला ठेवला तर चालतो का?

उत्तर : बहुधा बिघडलेला नाही. प्लेअर आणि स्पीकर दोन्ही चार्जिंगला असले की चार्जरच्या तारा आणि गाण्याची केबल मिळून एक वेटोळं तयार होतं आणि त्यातून ती घरघर आत शिरते. एकाचा चार्जर काढून बघा, थांबेल.

बॅटरी भरली की चार्जिंग तोडणारं सर्किट आत असतं, त्यामुळे रात्रभराची भीती नाही. भीती उष्णतेची. चार्जिंग चालू असताना स्पीकर उशीखाली, पांघरुणात किंवा उन्हात ठेवू नका. महिनोन्‌महिने वापरणार नसाल तर अर्धा चार्ज करून ठेवा, पूर्ण रिकामा ठेवला तर लिथियमची बॅटरी मरते. आणि स्पीकरची कड फुगलेली दिसली, झाकण उचललेलं वाटलं, तर त्याच क्षणी चार्जर काढा. तो स्पीकर पुन्हा चार्जिंगला लावायचा नाही, झाकण दाबून बसवायचंही नाही.