ओटीजीत चिकन आणि भाज्या एकत्र भाजताना चिकन कोरडं आणि भाज्या पचपचीत होऊ नयेत म्हणून काय करावं?

तुम्ही लिहिलंय की घरी पोचायला आठ वाजतात, २८ लिटरचा ओटीजी (विजेवरचा छोटा ओव्हन) आहे, कमी तेलात पोटभरीचं काहीतरी एकाच ट्रेमध्ये व्हावं अशी इच्छा आहे. दोनदा करून बघितलं, तर दोन्ही वेळा चिकन चामट झालं आणि भाज्या पाण्यात बसल्या. माझ्याकडे वर्षभर अगदी असंच होत होतं. आता आठवड्यातून एकदा तरी हे जेवण आमच्याकडे होतं आणि सासूबाईही आवडीने खातात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी कारण समजून घ्या, मग कृती पाठ करावी लागत नाही. चिकनमध्ये आणि भाज्यांमध्ये भरपूर पाणी असतं. तापल्यावर ते सुटतं. ट्रे गच्च भरलेला असला की वाफ निघून जायला वाट मिळत नाही, पाणी तळाशी साचतं. आणि जिथे पाणी साचलंय तिथलं तापमान १०० अंशांच्या वर जात नाही. डायल २०० वर असला तरी तुमची फुलकोबी उकडत असते. खरपूस रंग यायला भाजीचा वरचा भाग सुकून १४० अंशांच्या आसपास तापावा लागतो. रंग येत नाही म्हणून आपण अजून पंधरा मिनिटं ठेवतो, आणि त्या पंधरा मिनिटांत चिकनच्या आतला उरलासुरला ओलावाही निघून जातो. तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ असं एकच आहे.

मी तेव्हा तीन गोष्टी चुकवत होते. ब्रेस्टचे बोनलेस तुकडे आणायचे, त्यांना पातळ दही लावायचे, आणि चार माणसांच्या सगळ्या भाज्या एकाच ट्रेवर रचायचे. दह्याचं पाणी, भाज्यांचं पाणी आणि वर मुळातच चरबी नसलेलं मांस. त्यातून दुसरं काही निघणारच नव्हतं.

चिकनवाल्याकडे ब्रेस्ट मागू नका, लेग मागा. स्किन काढून, तंगडी आणि मांडी वेगळी करून घ्या, हाड राहू द्या. मांडीच्या मांसात थोडी चरबी असते आणि चिवट धागे असतात. ते धागे जरा जास्त शिजल्यावरच मऊ होतात, त्यामुळे पाच मिनिटं इकडेतिकडे झाली तरी बिघडत नाही. दमून आलेल्या माणसाला अशी सवलत देणारा तुकडा हवा. ब्रेस्ट तेवढा वेळ देत नाही. तब्येतीसाठी म्हणून ब्रेस्टच हवं असा आग्रह मला पटत नाही. स्किन काढलेल्या लेगमध्येही १०० ग्रॅम कच्च्या मांसामागे साधारण २० ग्रॅम प्रथिनं मिळतात. आमच्या चौघांना सातशे ग्रॅम पुरतं.

आता मसाला. माझं माहेर अलिबागजवळचं. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की आमच्या शेतावर पोपटी लागायची. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा, म्हणजे एका वासाच्या रानझुडपाचा पाला, त्यावर शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेलं चिकन, मधेमधे ओवा आणि जाडं मीठ, वरून पुन्हा पाला दडपून भरायचा. मग मडकं उलटं ठेवून भोवती पेंढा आणि काटक्या पेटवायच्या. तेल नाही, पाण्याचा थेंब नाही. अर्ध्यापाऊण तासाने वडील मडक्यावर पाण्याचा शिपका मारायचे. चुर्र होऊन पाणी लगेच उडालं की म्हणायचे, झाली, काढा आता. चिकन आणि भाज्या एकत्र, तेलाशिवाय, तरी इतक्या चवीच्या: हे मी लहानपणापासून खाल्लेलं होतं. पनवेलच्या फ्लॅटमध्ये तीच चव ट्रेवर आणता येईल, हे मात्र फार उशिरा सुचलं.

म्हणून माझं वाटण पोपटीचं आहे. सातशे ग्रॅम चिकनला आठ-दहा लसूण पाकळ्या, बोटाच्या पेराएवढं आलं, तीन तिखट मिरच्या, मूठभर कोथिंबीर, अर्धा चमचा ओवा, पाव चमचा हळद आणि सव्वा चमचा मीठ. चमचा म्हणजे सगळीकडे चहाचा चमचा. मिक्सरमध्ये फिरत नाही म्हणून पाणी घालू नका, चमचाभर तेल घाला. खलबत्त्यात जाडसर कुटलं तर अजून चांगलं. ओवा कुटून नका घालू, तळहातावर चुरडून वरून टाका. चुरडताना जो वास सुटतो तोच पुढे चिकनला लागतो.

हे सकाळीच लावून फ्रीजमध्ये ठेवायचं. आदल्या रात्री वाटण करून ठेवलं असेल तर सकाळी पाच मिनिटांचं काम आहे. तुकडे आधी कागदाने टिपून कोरडे करा, हाडापर्यंत दोन-तीन चिरे द्या, वाटण चिऱ्यांत बोटाने भरा. दिवसभरात मीठ आतपर्यंत मुरतं आणि मुरलेलं मीठ भाजताना मांसातलं पाणी धरून ठेवतं. लिंबू मात्र सकाळी पिळू नका. बारा तास आंबटात राहिलं की वरचा थर भुसभुशीत होतो. लिंबू ताटात. दही हवंच असेल तर पंचात टांगून घट्ट केलेलं दोन मोठे चमचे, त्याहून जास्त नको.

धुण्याबद्दल एक सांगायलाच हवं, कारण आपल्याकडे चिकन चार पाण्यांनी धुतल्याशिवाय चैन पडत नाही. नळाच्या धारेखाली धरलं की कच्च्या चिकनचे शिंतोडे सिंकभर, ओट्यावर, शेजारी निथळत ठेवलेल्या कपबश्यांवर उडतात, आणि जंतू त्यांच्याबरोबर जातात. ते जंतू नीट भाजल्याने मरतात, धुतल्याने नाही. मी आता धुवत नाही, टिपते. तुम्हाला धुवायचंच असेल तर पातेल्यात पाणी घेऊन हलक्या हाताने धुवा, आणि नंतर सिंक आणि हात साबणाने स्वच्छ करा.

भाज्या साधारण अर्धा किलो, त्याहून जास्त नाही. इथेच मोह आवरावा लागतो. ट्रेवर पसरल्यावर तुकड्यांच्या मधून ट्रेचा तळ दिसला पाहिजे. तळ दिसत नसेल तर भाजी काढून घ्या, उद्या वापरा. मी दोन गाजरं, दोन मध्यम बटाटे, फुलकोबीचे थोडे तुरे, एक सिमला मिरची, दोन कांदे आणि सालासकट लसणीच्या सात-आठ पाकळ्या घेते. लाल भोपळा फार सुरेख होतो, कडा गुळासारख्या गोड लागतात. फरसबीही चालते. टोमॅटो आणि दुधी ट्रेवर नको, निव्वळ पाणी आहे. धुतलेली फुलकोबी चाळणीत निथळवून चक्क फडक्याने पुसा. तुऱ्यांच्या आत पाणी दडून बसतं.

सगळ्या भाज्यांना मिळून दोन चमचे तेल पुरतं, पण ते ट्रेवर शिंपडायचं नाही. मोठ्या पातेल्यात भाज्या घ्या, तेल घाला, हाताने चोळा, प्रत्येक तुकडा जरा चमकला पाहिजे. एक चमचा तेल म्हणजे साधारण ४० ते ४५ कॅलरी. वाटणातला धरून सगळ्या जेवणाला तीन चमचे तेल लागलं, आणि ते चौघांत वाटलं गेलं. एरवी रश्श्याच्या फोडणीलाच आपण पळीभर तेल घालतो. मीठ मात्र भाज्यांना ट्रेवर टाकायच्या क्षणी लावा. आधी लावून ठेवलं की पातेल्यातच पाणी सुटतं.

माझी संध्याकाळ अशी जाते. पावणेआठला दार उघडलं की पर्स ठेवायच्या आधी ओटीजी चालू, २०० अंश, वरची-खालची दोन्ही कॉइल. तो तापेपर्यंत, म्हणजे दहा-बारा मिनिटांत, चिकन फ्रीजमधून बाहेर येतं, हातपाय धुऊन होतात, बटाटे आणि गाजरं चिरून होतात. बटाट्याच्या फोडी सुपारीपेक्षा मोठ्या नकोत. आठ वाजता मधल्या खणात चिकन, बटाटे आणि गाजरं. पंधरा मिनिटांनी ट्रे अर्धा ओढून चिकन उलटायचं आणि फुलकोबी, कांदा, सिमला मिरची, लसूण मोकळ्या जागांत सारायची. सगळं एकदम टाकलं तर बटाटा कच्चा असताना सिमला मिरची करपते, म्हणून हे दोन हप्ते. त्यानंतर वीस ते पंचवीस मिनिटं. मधे पाणी साचलेलं दिसलं तर ट्रे तिरका करून वाटीत ओतून घ्या, फेकू नका. शेवटची तीन-चार मिनिटं फक्त वरची कॉइल ठेवली की कडांना काळपट खरपूस डाग येतात. ट्रेवर फॉइल झाकू नका, झाकलं की पुन्हा वाफ.

झालं की नाही ते हाडाजवळ बघायचं. सर्वांत जाड तुकड्यात सुरी घालून जरा फिरवा. बाहेर येणारा रस स्वच्छ हवा, गुलाबी नको, आणि मांस हाडापासून सुटायला लागलेलं हवं. कोवळ्या ब्रॉयलरच्या हाडालगत कधीकधी लालसर छटा पूर्ण शिजल्यावरही राहते, त्यामुळे नुसत्या रंगावर जाऊ नका. स्वयंपाकाचा थर्मामीटर मिळाला तर जरूर घ्या. आत ७४ अंश म्हणजे खायला सुरक्षित, पण लेग ८० ते ८५ पर्यंत जाऊ दिला तर जास्त मऊ लागतो. बाहेर काढल्यावर पाच मिनिटं तसाच ठेवा. तेवढ्यात काकडी चोचवून कोशिंबीर होते. वाटीत काढलेल्या त्या पाण्यात लिंबू पिळा आणि चिकनवर ओता. तुमचं चिकन कोरडं लागत होतं ना, हा रस त्यावर पडला की फरक लगेच कळेल. मात्र तो आधी छोट्या कढल्यात खळखळून उकळून घ्या, कारण मधेच काढलेला असतो तेव्हा चिकन पुरतं शिजलेलं नसतं.

सोबत आमच्याकडे तांदळाची भाकरी, किंवा सकाळची पोळी तव्यावर गरम करून. सासूबाईंना साखर आहे, त्यांच्या ताटात बटाटा कमी आणि फुलकोबी-फरसबी जास्त वाढते, अर्धं ताट भाज्यांचंच असतं. मुलगा आधी भाजलेल्या लसणीच्या पाकळ्या शोधतो. सालातून दाबून काढल्या की लोण्यासारख्या भाकरीवर पसरतात.

ज्यांच्याकडे ओटीजी नाही आणि हे उत्तर वाचतायत त्यांच्यासाठी: नुसता मायक्रोवेव्ह चालणार नाही, कन्व्हेक्शन असेल तर चालेल. तेही नसेल तर बिडाच्या कढईत किंवा जाड बुडाच्या पातेल्यात घरची पोपटी करा. तळाला कोबीची बाहेरची जाड पानं दोन थर, त्यावर बटाटे, हंगाम असेल तर वालाच्या शेंगा, वर वाटण लावलेलं चिकन, ओवा, मीठ, पुन्हा पानं, आणि घट्ट झाकण. पाच मिनिटं मध्यम आच, मग अगदी मंद आचेवर पस्तीस-चाळीस मिनिटं. झाकण सारखं उघडू नका. तळाची पानं करपतात, ती टाकून द्यायची, तेवढ्यासाठीच ती घातलेली असतात. याला खरपूस रंग येणार नाही, पण चिकन इतकं रसदार होतं की माझ्या मुलाला ट्रेपेक्षा हेच जास्त आवडतं.

उरलं तर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये टाका. दुसऱ्या दिवशी मांस हाडावरून सोडवून, भाज्यांबरोबर तव्यावर परतून, पोळीत गुंडाळून डब्याला होतं. आणि तुमच्या ओटीजीला पंखा असेल तर २०० ऐवजी १८० वर ठेवा. पहिल्या वेळी तीस मिनिटांनंतर जवळच उभं राहा, कारण प्रत्येक ओटीजीचा डायल थोडा वेगळा असतो. माझा जरा जास्तच तापतो, हे मला दोन ट्रे करपल्यावर कळलं.