‘बरा’ म्हणजे किती?

पोरी,

परवा तू गेल्यावर मी बराच वेळ ओसरीतच बसून होते. दोघींचाही चहा तसाच निवला होता. बाबांच्या वावरातला आपला वाटा सोडून द्यायचं हक्कसोडपत्र करायला दादानं सांगितलंय, असं तू म्हणालीस. मी विचारलं, वावर किती एकर? तर म्हणालीस, "मले त्यातलं काई समजत नाई बाई, दादाले माहीत."

तुला समजत नाही? बचत गटातल्या बारा बायांचा हिशेब तीन वर्षं तू ठेवतेस. दिवाळीच्या आधी पासबुकात व्याजाचे २७ रुपये कमी लागले, ते अध्यक्षीणबाईंना नाही, तुला दिसले. डोक्याचा दोष असता तर तिथेही अडली असतीस. दुसऱ्याचा पैसा असला की तुझी नजर घारीची, आणि स्वतःचा आला की मान खाली. ही मान मी ओळखते, चाळीस वर्षं ती माझ्याच धडावर होती.

तू हुशार आहेस वगैरे लिहीत बसणार नाही. ८ मार्चला शाळेत फोटोला हार घालून ते सगळं होतंच, मीही तशी भाषणं खूप केली. मला तुझ्याकडून एकच पाहिजे. आकडा बोल. तोंडानं, समोरच्याच्या देखत.

आमच्या घरी तान्ह्या पोळ्याला धाकटा भाऊ लाकडी बैल घेऊन दारोदार जायचा. बोजारा मिळायचा, पाच पैसे, दहा पैसे, पाटलाच्या वाड्यावर चार आणे. रात्री बाबा त्याला मांडीवर घेऊन ती चिल्लर मोजायला लावायचे. चुकला की पुन्हा पहिल्यापासून. सहा वर्षांचं पोर! पुढे भादव्याच्या पुनवेला आमची भुलाबाई बसायची. मिळायचं आम्हालाही, पण खिरापत. ती आधी ओळखायची, मग सगळ्यांना सारखी वाटायची, उरली तर आपल्याला. त्याला स्वतःचे पैसे मोजता आले पाहिजेत आणि मला दुसऱ्यांचे वाटे पाडता आले पाहिजेत, असं घरात कोणी कधी ठरवलं नव्हतं. दोन्ही सण मला अजून आवडतात, भुलाबाईची गाणी तर तुझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत. पण शाळेत जायच्या आधी आमची शाळा सुरू झाली होती, ती अशी.

कापसाचं बघ. वेचणीआधीची सीतादहीची पूजा आईच्या हातची, पहिला वेचा आईचा, कवडीनं बोटं सोलायची तीही आईचीच. कोणत्या बाईनं दिवसभरात किती वेचला, हे ती गाठोडं बघून सांगायची, काट्यावर एखाद्या किलोचा फरक निघायचा. मग गाडी भरली की बाबा जायचे. तेव्हा एकाधिकार खरेदी होती, कापूस सरकारलाच विकायचा, केंद्रावर बंड्यांच्या रांगा, कधी दोन-दोन रात्री तिथेच मुक्काम. चुकारा घेऊन परत आले की आई पाणी द्यायची आणि विचारायची, "कसा लागला भाव?"

"बरा."

माझं अख्खं लहानपण त्या ‘बरा’मध्ये गेलं. ‘बरा म्हणजे किती’ असं आईनं कधी विचारलं नाही. बाबा लपवणारे नव्हते. विचारलं असतं तर सांगितलं असतं, आणि हेच मला जास्त लागतं. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या लक्ष्मीमुक्तीच्या दिवसांत आमच्याकडे पुरुष बायकांच्या नावानं जमीन करून देत होते. बाबाही सभेला जाऊन टाळ्या वाजवून आले. आईनं विचारलं, कशी झाली सभा? "बरी झाली."

बाईसाठी आपल्याकडे आकड्याच्या जागी असे शब्द ठेवलेले असतात. बरा. थोडंसं. होईल तेवढं. असू द्या. परवा माझ्यासमोर काकू अस्तराचा ब्लाऊज न्यायला आली, तेव्हा तू काय म्हणालीस? "द्या काकू, काय द्यायचं ते." तिनं पन्नासची नोट काढली आणि तू ती कपाळाला लावून घेतलीस. अस्तर तुझं, दोरा तुझा, विजेचं बिल तुझं. मला इतका राग आला की मी उठून तुळशीपाशी जाऊन उभी राहिले. राग तुझा नव्हता. बराचसा नव्हता.

कारण माझं ऐक. नोकरी लागल्यापासून पंचवीस वर्षं मी महिन्याच्या महिन्याला कोऱ्या विड्रॉल स्लिपवर सही करून ह्यांच्या हातात देत होते. आकड्याची जागा कोरी. चौथीच्या पोरांना मी चक्रवाढ व्याज समजावून सांगायची, हट्टानं, ते त्यांच्या पुस्तकात नव्हतं तरी. ह्यांना व्यसन नव्हतं, माणूस प्रेमळ होता. पण २००९ मध्ये हे गेले आणि तेराव्याच्या आधी एका पतसंस्थेचा माणूस कागद घेऊन दारात आला. कर्ज ह्यांचं, जामीनदार मी, सही माझीच. रक्कम मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचली. पाच वर्षं पगारातून कपात झाली. लोक म्हणाले, बिचारीला फसवलं. कोणी फसवलं नव्हतं गं. मी विचारलं नव्हतं.

आणि हक्कसोड, तेही मी केलंय. १९९८ ला बाबा गेले. त्याआधी चार वर्षं, १९९४ मध्ये, महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित जमिनीत वाटा देणारा कायदा केला होता, पण त्यात लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. मला सगळ्यांनी तेवढंच सांगितलं. बाबांच्या स्वतःच्या वाट्यात मुलीचा हक्क १९५६ पासून आहे, हे कोणी बोललं नाही. आई, भाऊ, बहीण आणि मी, असे चौघं होतो, माझ्या नावचे अडीच एकर निघत होते. मी सही केली. माहेर राहावं, दिवाळीला कोणीतरी चोळी-बांगडी करावी, एवढंच मनात होतं. त्यात काही वाईट होतं असं मला आजही वाटत नाही.

वाईट दुसरं होतं. २०१५ मध्ये भावानं ती जमीन विकली. त्या भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर मी त्याला सांगितलं, तुझ्या अठरा साड्या झाल्या, सरासरी ६०० धरले तर १०,८०० रुपये, आणि माझे अडीच एकर किती लाखांना गेले ते तू सांग. मागितलं काही नव्हतं. वहिनी म्हणाली, बहिणीनं असं मोजू नये. का मोजू नये? त्याचा बोजारा मोजताना साऱ्या घराला कौतुक होतं. तो पुढच्या दोन दिवाळ्या आला नाही. लोकांनी मलाच बोल लावला आणि तू मनात म्हणशील, बाई, तेव्हा बोलून काय मिळालं? काही नाही. पण १९९८ ला, सही करायच्या आधी, हेच बोलले असते तर त्याला काय देते आहे ते कळलं असतं आणि मलाही. न मोजता दिलं म्हणून ते त्याला दिल्यासारखं वाटलंच नाही, आपलंच होतं असं वाटलं. मी चुकले ती तिथे. साड्या मोजल्या त्यात नाही, हे मी कोणालाही सांगेन.

म्हणून दादाला द्यायचंच असेल तर दे, मी आडवी येणार नाही. पण किती देते आहेस, ते त्याच्यासमोर बोलून दे.

आधी वारसनोंद झाली का बघ. आई, ताई, तू, दादा, चौघांची नावं फेरफाराला लागली पाहिजेत. डिजिटल सातबारा १५ रुपयांत निघतो. जमीन वडिलोपार्जित असेल तर २००५ च्या दुरुस्तीनं तू जन्मापासून वाटेकरी आहेस, दादा आहे तशीच, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्का मारलाय. बाबांनी स्वतः घेतलेली असेल तर चौघांना सारखी, आणि आजी असती तर तिलाही. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं, तिथे फोटो निघतो, अंगठा लागतो, म्हणजे तुला स्वतः जाऊन उभं राहावं लागतं. ते अमुक तारखेच्या आत कर, असं कोणत्याही कायद्यात नाही. पीककर्ज अडेल असं दादा म्हणतो ना? मग विचार, कोणतं कर्ज, किती, कधीपर्यंत. आणि दुसरं वावर नसताना तू हे सोडलंस, तर कागदावर तू शेतकरी उरत नाहीस. पुढे कधी स्वतःच्या पैशानं एकरभर घ्यावंसं वाटलं तर आधी शेतकरी असल्याचा पुरावा मागतील.

दादा वाईट नाही, मला माहीत आहे, माझ्याच हाताखाली शिकलाय. पण ‘लाडकी बहीण’ योजनेच्या पैशाचं खातं तुझं, एटीएम कार्ड त्याच्या पाकिटात आणि ओटीपी त्याच्या मोबाइलवर. त्यात आज किती जमा आहे, असं विचारलं तर तू हसलीस. हसू नको. चिडून भांडायचीही गरज नाही. जेवताना ताट वाढता वाढता विचार, ‘दादा, किती झाले?’ तो ‘आहेत बरे’ म्हणाला तर पोळी हातात धरून उभी राहा.

सोमवारी दहाच्या बसनं मी येते, आपण दोघी सेतूत जाऊन सातबारा काढू. वाचायचा तू, मोठ्यानं. माझा चष्मा दुरुस्तीला टाकलाय, आणि नसता टाकला तरी मी वाचला नसता. माझे दोन ब्लाऊज तुझ्याकडे आहेत, तेही घेऊन ये. मी ‘किती झाले’ विचारीन. ‘द्या बाई काय द्यायचं ते’ म्हणालीस, तर ब्लाऊज तिथेच टाकून पुढच्या बसनं परत जाईन.

तुझी,
बाई