शब्द पाठ होतात, पण वेळेवर आठवत नाहीत

“मॅडम, माझी स्मरणशक्ती एखाद्या डॉक्टरांकडून तपासून घ्यावी का?” हा तिचा पहिलाच प्रश्न होता. ती एकोणीस वर्षांची होती, औषधनिर्माणशास्त्राच्या पदविकेच्या पहिल्या वर्षात शिकत होती आणि दहावीपर्यंतचे तिचे शिक्षण धाराशिव जिल्ह्यातील एका गावात मराठी माध्यमातून झाले होते. (तिच्या परवानगीने हा अनुभव लिहीत आहे, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) गेले चार महिने ती रोज चाळीस इंग्रजी शब्द अर्थासह पाठ करत होती. रात्री पाठ झालेले शब्द आठवडाभरात पुसले जात आणि जे टिकत, तेही वर्गात सरांनी प्रश्न विचारला की ओठांवर येत नसत. उभे राहिल्यावर हातपाय गार पडतात, म्हणून तिने पुढच्या बाकावर बसणेच सोडून दिले होते. चुलत्यांनी स्मरणशक्तीसाठी म्हणून आणून दिलेल्या औषधाच्या दोन बाटल्या संपल्या होत्या आणि “आपल्याला हे जमणारच नाही” असे तिचे मत जवळजवळ पक्के झाले होते.

ही चिंता घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या मोठी आहे. त्यामुळे अशा वेळी मी सर्वप्रथम एक गोष्ट पडताळून पाहते: विसरणे केवळ इंग्रजीपुरते आहे, की मराठीत वाचलेले, घरी सांगितलेले निरोप, रोजची कामे यांतही तीच अडचण आहे? दुसऱ्या प्रकारात तज्ज्ञांकडून तपासणी करून घेणे आवश्यक असते. या मुलीला मात्र गावाकडे जाणाऱ्या सगळ्या एसटी गाड्यांच्या वेळा तोंडपाठ होत्या, आजीने शिकवलेल्या जात्यावरच्या ओव्या येत होत्या आणि पॅरासिटामॉलपासून ॲमॉक्सिसिलिनपर्यंतची कितीतरी औषधांची नावे ती न अडखळता सांगत होती. ती नावेही इंग्रजीच आहेत, हे तिच्या लक्षात आणून दिले तेव्हा ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, “पण ती मी पाठ नाही केली. ती रोज हातात येतात.” तिच्या या वाक्यातच उत्तराचा मोठा भाग होता.

पुढच्या भेटीत तिने तिची वही आणली. दोनशे पानी वहीत प्रत्येक पानाच्या मधोमध पट्टीने आखलेली रेघ होती, डावीकडे इंग्रजी शब्द आणि उजवीकडे एका शब्दात मराठी अर्थ. सुरुवात ‘ए’पासून केलेली असल्याने ‘अबँडन’, ‘अबेट’, ‘अब्हॉर’, ‘अबॉलिश’ असे दिसायला आणि ऐकायला सारखे वाटणारे शब्द एकाखाली एक आले होते आणि अशा शेजारामुळे ते एकमेकांत मिसळणे स्वाभाविक होते. मी त्या वहीतले वीस शब्द निवडून तिला अर्थ विचारले. तेरा बरोबर आले. त्याच वीस शब्दांची वाक्ये करायला सांगितली, तेव्हा चार वाक्ये झाली आणि त्यांतली दोन चुकीची होती. चुकलेल्यांपैकी एक असे होते: ‘धिस मोबाइल डझ नॉट अफोर्ड मी.’

या एका वाक्यावर आम्ही जवळजवळ अर्धा तास घालवला आणि तो वेळ सार्थकी लागला असे मला आजही वाटते. तिच्या वहीत ‘अफोर्ड – परवडणे’ असे लिहिले होते आणि तो अर्थ चुकीचा नव्हता. मराठीत “हा मोबाइल मला परवडत नाही” असे आपण म्हणतो. येथे मोबाइल कर्ता असतो आणि माणूस ‘मला’ होऊन बाजूला उभा राहतो. इंग्रजीत मात्र कर्ता माणूसच असतो आणि या शब्दासोबत बहुतेक वेळा ‘कॅन’ किंवा ‘कॅनॉट’ येते: ‘आय कॅनॉट अफोर्ड धिस मोबाइल.’ तिने अर्थ पाठ केला होता आणि त्या अर्थाच्या मागोमाग मराठी वाक्याची सगळी बांधणी इंग्रजीत उतरली होती. ‘रिमाइंड’चेही तसेच होते. ‘आठवणे’ एवढेच लिहिलेले असल्यामुळे ‘रिमेंबर’ आणि ‘रिमाइंड’ हे तिला एकच वाटत. ‘बॉरो’ आणि ‘लेंड’ यांच्यापुढे तर दोन्हीकडे फक्त ‘उसने’ लिहिले होते. कोण देतो आणि कोण घेतो, हे वहीत कोठेच नव्हते. ‘डिस्कस’च्या बाबतीत “विषयाबद्दल चर्चा करणे” या आपल्या सवयीमुळे तिच्या वाक्यात ‘अबाउट’ शिरले होते, जे तेथे लागत नाही. बुद्धी कमी असल्याची ही चिन्हे नव्हती. स्वतःची भाषा पक्की असलेला माणूस दुसऱ्या भाषेत शिरताना नेमक्या अशाच चुका करतो.

मग विसरण्याबद्दल बोलणे आले. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्मरणशक्तीवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी मुद्दाम निरर्थक अक्षरगट तयार करून ते स्वतःच पाठ केले आणि ठरावीक काळाने तेच पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात हे मोजले. एका दिवसानंतर ही बचत सुमारे एकतृतीयांशावर आली होती. त्यानंतरची घसरण मात्र बरीच संथ होती. हे मी तिला दोन कारणांसाठी सांगितले. पहिल्या काही तासांतच सर्वाधिक विसरले जाते, हा सर्वांचाच अनुभव आहे. तो केवळ तिचा दोष नव्हे. आणि दुसरे, संदर्भाशिवाय रोज चाळीस शब्द घोकताना ती नकळत एबिंगहाउस यांचाच प्रयोग स्वतःवर करत होती, कारण जो शब्द कोणत्याही वाक्यात, प्रसंगात किंवा वस्तूत राहत नाही, तो मनाच्या दृष्टीने निरर्थक अक्षरगटाच्या फारसा पुढे गेलेला नसतो.

येथे माझ्याकडून एक चूक झाली, ती सांगणे आवश्यक आहे. मी तिला रोज इंग्रजी वर्तमानपत्र वाचण्याचा सल्ला दिला. पहिल्याच पानावर तिला तीस अनोळखी शब्द भेटले आणि पुढचे दोन आठवडे ती आलीच नाही. हा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो ज्याच्यासमोर ठेवायचा त्याची आजची पायरी न पाहता दिला, तर त्याची लाज आणखी वाढवतो. ती परत आली तेव्हा मी तिची माफी मागितली आणि तिला म्हटले, “तुझ्या हातात रोज जे येते, तेथूनच सुरुवात करू.”

तिच्या हातात रोज औषधांची खोकी येत होती. ‘स्टोअर इन अ कूल, ड्राय प्लेस’ हे वाक्य तिने शेकडो वेळा पाहिले होते, पण तिच्या लेखी ‘स्टोअर’ म्हणजे दुकान. ‘कीप आउट ऑफ रीच ऑफ चिल्ड्रन’ यातील ‘रीच’ म्हणजे तिला फक्त पोहोचणे माहीत होते. लहान मुलांच्या हाताला लागणार नाही असे ठेवा, हा अर्थ तिने त्या दिवशी वाक्यातून स्वतः शोधून काढला. ‘एक्सीड’, ‘स्वॅलो’, ‘अव्हॉइड’, ‘कन्सल्ट’ हे शब्दही असेच खोक्यांवरून आणि आतल्या घडी घातलेल्या पत्रकांवरून मिळाले. तिचा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा सैलावलेला मी पाहिला.

वहीची पद्धत आम्ही बदलली. रोज चाळीसऐवजी पाच शब्द. प्रत्येक शब्दासाठी जाड कागदाचे एक कार्ड. पुढे शब्द, मागे शब्दकोशातले एक वाक्य आणि त्याखाली तिचे स्वतःचे एक वाक्य, जे तिच्या घरातले, वर्गातले किंवा गावातले असलेच पाहिजे. मराठी अर्थ लिहायला मी मनाई केली नाही, कारण मातृभाषेतला अर्थ हा आधार आहे. तो फक्त सर्वांत शेवटी आणि लहान अक्षरात लिहायचा. शब्दकोशही बदलला. नुसता प्रतिशब्द देणाऱ्या कोशाऐवजी, परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेला कोश घ्यायला सांगितले. ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये इंग्रजी शिकवताना आपल्या सहकाऱ्यांसह तयार केलेला आणि १९४२ साली तेथेच निघालेला कोश याच गरजेतून जन्मला होता, आणि शब्द वाक्यात कसा बसतो हे दाखवण्यावर अशा कोशांचा भर असतो.

उजळणीसाठी बुटांच्या खोक्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे केले. जर्मन लेखक सेबास्टियन लाइट्नर यांनी १९७२ मध्ये मांडलेली ही रीत आहे: आलेले कार्ड पुढच्या कप्प्यात जाते आणि अधिक दिवसांनी पाहिले जाते, चुकलेले पहिल्या कप्प्यात परत येते. तिला यातली एक गोष्ट विशेष भावली. चुकलेले कार्ड मागे जाते, पण खोक्याबाहेर फेकले जात नाही.

“इतके थोडे शब्द शिकून मी बाकीच्यांना कधी गाठणार?” हा प्रश्न तिने दुसऱ्या महिन्यात विचारला आणि तो रास्त होता. इंग्रजी भाषाशिक्षणाचे तज्ज्ञ मायकल वेस्ट यांनी १९५३ साली इंग्रजीतील सुमारे दोन हजार अत्यंत उपयोगी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. सर्वसाधारण मजकुरातले दर शंभरांपैकी ऐंशीच्या आसपास शब्द या यादीतल्या शब्दकुळांतच, म्हणजे मूळ शब्द आणि त्यापासून बनलेल्या रूपांतच, सापडतात. तिच्या जुन्या वहीतले ‘अबेट’ आणि ‘अब्हॉर’ हे क्वचित लागणारे शब्द होते, तर ‘स्टोअर’, ‘रीच’, ‘कीप’ यांसारखे रोजचे शब्द तिला एकाच अर्थाने माहीत होते. तिला फार दूर जायचे नव्हते. ओळखीच्याच शब्दांशी ओळख वाढवायची होती.

वर्गातली भीती मात्र कार्डांनी गेली नाही. त्यासाठी आम्ही वेगळा सराव केला: आधी माझ्यासमोर एक वाक्य, मग खोलीतल्या मैत्रिणीसमोर, मग प्रयोगशाळेत सरांना स्वतःहून एक प्रश्न. भीतीने मन गोठले की येत असलेला शब्दही सापडत नाही. तोंडी परीक्षेत तिला एका सिरपच्या साठवणुकीबद्दल विचारले गेले. पहिले वाक्य तिने पूर्ण म्हटले, दुसरे अर्ध्यावर अडले आणि ते तिने मराठीत पूर्ण केले. ती रडत बाहेर आली नाही, हे तिने मला दोनदा सांगितले.

सातव्या महिन्यात ती शेवटची भेटली, तेव्हा खोक्यातून तिने ‘अफोर्ड’चे कार्ड काढले. मागे पेनाने नवे वाक्य लिहिले होते: ‘आय कॅनॉट अफोर्ड टू मिस द सिक्स ओक्लॉक एसटी.’ “मॅडम, यात पैशांचा काहीच संबंध नाही, तरी चालते ना?” असे तिने विचारले, आणि मी उत्तर देण्याआधीच शब्दकोश उघडून ती पान शोधू लागली.