जादूचा पाट कोण सोडतो?

साक्री, श्रावण

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

टेबलाभोवती बसून डाइस टाकत गोष्ट रचायच्या त्या खेळासाठी तू केलेल्या नव्या कॅम्पेनची, म्हणजे नव्या कथानकाची, वही दोन रात्री वाचली. नकाशा फार सुरेख काढलास. पण त्या देशाची जादू कुठून येते हे सांगणारी सहा पानं मला खटकली. डोंगराखालचा स्फटिक, देवांचं युद्ध, मग राजघराण्याची वंशावळ. हे टेबलावर वाचून दाखवलंस तर पोरं डाइस चाळत बसतील. कल्पना चांगली आहे. पण त्या स्फटिकामुळे तिथल्या एखाद्या बाईच्या दिवसात काय बदलतं, ते सहा पानांत कुठेच सापडलं नाही.

एकदा माझ्याबरोबर पांझरा नदीच्या काठी चल. तिथली पाणी वाटायची फड पद्धत तीन-चारशे वर्षांची मानतात. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटातून छोट्या चाऱ्या. भिजत्या रानाचे फड, म्हणजे मोठे भाग, पाडलेले. एका फडात सगळ्यांचं पीक एकच, आणि बहुतेकांच्या जमिनीचा तुकडा प्रत्येक फडात. पाऊस ओढला की एखादा फड कोरडा ठेवायचा. झळ सगळ्यांना थोडी थोडी लागते, एकटा कुणी बुडत नाही. पाणी पाटकरी देतो, राखण जागल्या करतो. शेतकऱ्याने आपल्या मर्जीने दारं धरून पाणी वळवायचं नाही.

आता पाण्याच्या जागी जादू घालून बघ. उगमाजवळच्या शहरात दिवे रात्रभर जळतात, शेवटच्या गावातल्या विझर्डचा मंत्र अर्ध्यातच विझतो. यंदा शक्ती कमी आली, तर कुणाचा फड कोरडा ठेवायचा, वैद्यांचा की वेशीवरच्या राखणदारांचा? रात्री बंधारा कुणी फोडला? खेळणाऱ्यांच्या हाती असा प्रश्न दिलास की उगम कुठे आहे ते शोधायला ते आपणहून निघतील.

उगमाची खरी हकिगत मात्र एकाच तोंडून सांगू नकोस. अडावदजवळच्या उनपदेवला बारमाही गरम पाणी वाहतं. म्हणतात, शरभंग ऋषींसाठी रामाने बाण मारला आणि झरा फुटला. भूगर्भाचा अभ्यासक सांगेल की खोल भेगांतून तापलेलं पाणी वर येतं. तिथे अंघोळीला येणाऱ्या माणसाला या दोन्हींतलं एकही सोडावं लागत नाही. तुझ्या देशातही पुजारी एक सांगेल, खाणकामगार दुसरं, आणि शेवटच्या गावातली म्हातारी तिसरंच. खरं काय ते वहीच्या मागच्या पानावर तुझ्यापुरतं लिहून ठेव. तिघांच्याही बोलण्यात त्यातला एकेक तुकडा असू दे, म्हणजे शोधणाऱ्याला तो जुळवता येईल.

मंत्र टाकला की खर्च होणारे ते ‘माना’चे पॉइंट जरा जपून वापर. प्रशांत महासागरातल्या बेटांवर हा शब्द माणसात, दगडात, शस्त्रात उतरणाऱ्या आणि तिथून निघूनही जाणाऱ्या सामर्थ्यासाठी आहे. आपण खेळणाऱ्यांनी त्याची पेट्रोलची टाकी करून टाकली. मला ते वर्षानुवर्षं सलत आलंय.

निघून जाणारी शक्ती कशी असते, हे तुला घरातच दिसेल. आपली कानबाई देवी श्रावणात रविवारी बसते, रात्रभर जागरण होतं, सोमवारी तिला नदीवर पोचवतात. एका रात्रीसाठी सगळे भाऊबंद एका छताखाली येतात, वर्षभर न बोलणारेसुद्धा. पाहुणी म्हणून येणारी जादू मी अजून कुणाच्या टेबलावर पाहिली नाही. तू करून बघ, तुला जमेल.

पहिलं सेशन पाट कोरडा पडलेल्या सकाळी सुरू कर. वंशावळ, युद्ध, स्फटिक यातलं काही सांगू नकोस. फक्त चारीत तडफडणारा मासा दाखव आणि खेळणाऱ्यांना विचार, आता काय करता?

कानबाईच्या रोटांना घरी ये, वही घेऊन ये. तुझ्या देशाचा पाटकरी कोण, तेवढं ठरवून ये.

तुझा,
काका