इयागोला मराठीत काय म्हणावं?

परभणीहून प्रश्न आलाय. कॉलेजात सरांनी शेक्सपिअरचं ‘ऑथेल्लो’ आणि त्यावरून नाटककार देवलांनी केलेलं ‘झुंजारराव’ (१८९०) शिकवताना, सेनापती ऑथेल्लोच्या मनात बायकोविषयी संशय पेटवणाऱ्या इयागोला ‘कळीचा नारद’ म्हटलं. हे बरोबर आहे का? नसेल तर ‘चुगलखोर’ म्हणावं की ‘कानभऱ्या’?

नारद बाद. नारदाची कळ उघडी असते, तो आला की लोक सावध होतात. इयागोला तर अख्खी पलटण ‘प्रामाणिक’ म्हणते. चुगलखोरही नाही. चुगलीला घडलेलं काहीतरी लागतं, ते इथून उचलून तिथं पोचवायचं. ऑथेल्लोची बायको डेस्डेमोना, तिच्या बाबतीत काही घडलंच नव्हतं.

राहिलं ‘कान भरणं’. हे जवळ येतं. ऑथेल्लोच्या कानात मी विष ओतणार, असं इयागो स्वतःच बोलतो. पण तिसऱ्या अंकात तो करतो काय ते बघा. ऑथेल्लोच्या हाताखालचा अधिकारी कॅसिओ डेस्डेमोनाशी बोलून निघून जातो. इयागो पुटपुटतो, ‘हे काही बरं वाटलं नाही मला.’ ऑथेल्लो विचारतो, काय म्हणालास? ‘काही नाही.’ पुढं ऑथेल्लो विचारतो, कॅसिओ प्रामाणिक नाही का? तर हा म्हणतो, ‘प्रामाणिक?’ बस्स, त्याचाच शब्द त्याला परत. भरत काहीच नाही. खड्डा करून ठेवतो, भर ऑथेल्लो स्वतःच घालतो.

आमच्या अंबाजोगाईत ही विद्या नाटक न वाचता येते. लहानपणी शेजारच्या एक काकू आजीजवळ तूर निवडायला बसायच्या. मधेच म्हणायच्या, ‘तुमची सून... जाऊ द्या माय, मला काय करायचंय!’ आणि परत खडे वेचायला लागायच्या. दिवेलागणीपर्यंत आजीचं तोंड फुगलेलं. काकूंनी सांगितलं काय? काहीच नाही.

म्हणून मी ‘काड्या करणारा’ म्हणेन. कडब्याची गंजी तुमची, वाळलेलीही तुमचीच. त्याची फक्त एक काडी. वर ‘आग लागली हो’ म्हणत पहिला धावतो तोच. आपल्या बायकोनं उचलून दिलेला डेस्डेमोनाचा रुमाल कॅसिओच्या खोलीत टाकून इयागो बाजूला होतो, ती अशीच काडी. (कॅसिओ झोपेत डेस्डेमोनाचं नाव घेऊन बरळला ही थाप मात्र सरळसरळ कान भरणंच, तेवढं कबूल.)

‘डूख’ हा शब्दही काही जण सुचवतील. आपल्याला हवी होती ती बढती कॅसिओला मिळाली, हा डूख खराच आहे. पण नंतर इयागो म्हणतो, ऑथेल्लोचं माझ्या बायकोशी काहीतरी आहे म्हणतात. खरं-खोटं माहीत नाही, पण मी खरं धरूनच चालणार. डूख धरणाऱ्याला एक कारण पुरतं. हा कारणं धुंडाळत हिंडतो. इंग्रज कवी-समीक्षक कोलरिजनं नेमकं तेच टिपलं होतं: दुष्टावा आधीच तयार, हेतू मागून शोधलेला.

शेवटी सगळं उघड झाल्यावर ऑथेल्लो विचारतो, का केलंस? इयागो म्हणतो, मला काही विचारू नका, यापुढं मी तोंड उघडणार नाही.