मार खाल्लो म्हणून कुणाला सांगू?

वेगळे राहणारे, घटस्फोटाची केस चालू असलेले बाप माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेकांची भीती एकच असते. बायको मारते, धमकावते असं बोललो तर लोक हसतील आणि पोर कायमची तुटेल.

खानापूर तालुक्यातला एकजण (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत) बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत (धातू वितळवून ओतायच्या कारखान्यात) कामाला. बायको लेकीला घेऊन चंदगडला माहेरी, केस बेळगावात. रविवारी लेकीला भेटायला गेला की दारातच शिवीगाळ. एकदा बायकोनं हातावर गरम चहा ओतला, पोरीच्या देखत. "मार खाल्लो म्हणून कुणाला सांगू, सर?" फौंड्रीत भाजलं, असं त्यानं आईला सांगितलं होतं. फौंड्रीतल्या माणसाचं हे कुणालाही पटतं.

पहिल्या भेटीत कायदा बाजूला ठेवला. जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ विचारलं. बराच वेळ गप्प बसला, मग हो म्हणून मान हलवली. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्याच्या फोनमध्ये घालून दिला आणि त्याच्यासमोरच थोरल्या भावाला बोलावून घेतलं.

२००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा बायकांसाठी आहे; नवऱ्याला त्याखाली संरक्षण मागता येत नाही. यावर चिडण्यात अर्थ नाही, त्या कायद्याची गरज असलेल्या बायकाही माझ्यासमोर याच खुर्चीत बसतात. पण इजा करणं, धमकी देणं हा भारतीय न्याय संहितेत गुन्हा आहे, करणारं कुणीही असो. घटस्फोटासाठी क्रूरतेचं कारण नवऱ्यालाही मांडता येतं. म्हणून सरकारी दवाखान्यात जखम दाखवायची, कशानं झाली ते खरं सांगायचं, कागद घ्यायचा. मेसेज पुसायचे नाहीत. उलटा हात उचलायचा नाही, आणि रागाच्या भरात लेकीचा खर्चही थांबवायचा नाही. हे शेवटचं पटायला त्याला फार वेळ लागला.

चंदगड महाराष्ट्रात, म्हणजे पोरीच्या भेटीसाठी तिकडे वेगळी केस घालावी लागणार, असं त्यानं धरलं होतं. गरज नव्हती. घटस्फोटाचा अर्ज चालू आहे त्याच कोर्टात हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली भेटीचा अंतरिम, म्हणजे केस चालू असेपर्यंतचा, आदेश मागता येतो. वकिलांनी तसा अर्ज दिला. कागद कानडीत, सही करण्याआधी ओळ न् ओळ मराठीत समजून घे, एवढं मी बजावलं.

आता भेट पोरीच्या मामासमोर होते, दारात नाही. बायकोचे फोन अजून येतात. तो उचलत नाही. लेकीबद्दल काही असेल तर लिहून पाठव, एवढाच मेसेज करतो.